चौदा नंबरचा पट्टा

मोठ्या बाईंची तक्रार एकच होती, आणि समोर सापडेल त्याला त्या ती ऐकवत: लेक आईचा फोन उचलत नाही, पण गाईने रवंथ थांबवला की दहा मिनिटांत हिचा फोन हजर.

तोही आईच्या चौकशीसाठी नाही. सव्वीस नंबर लंगडतेय, खूर बघ. नऊ नंबर सकाळपासून पाण्यावर गेली नाही, नळी बघ. बाई खूर बघत, नळी बघत, आणि लेकीचं बहुतेक खरंच निघे. त्याचाच त्यांना जास्त राग येई. खोटं निघालं असतं तर चार शब्द सुनावता आले असते, तेवढंच बोलणं लांबलं असतं.

गोठा बत्तीस गाईंचा. नवरा गेला तेव्हा दावणीला तीन होत्या आणि पदरी दोन लेकरं. बाकीच्या एकोणतीस बाईंनी आपल्या हिमतीवर उभ्या केल्या होत्या आणि ही गोष्ट त्या कोणाला विसरू देत नसत. शाळा दुसरीत सुटलेली. अक्षरं लावून लावून वाचायच्या, सही मात्र झोकात करायच्या. गाय मात्र त्यांना लांबूनच कळे. कान कसे आहेत, शेपूट कुठे आहे, उठताना आधी कुठला पाय टेकते, एवढ्यावरून त्या सांगत की हिचं पोट दुखतंय, हिला ऊन लागलंय, आणि ही नुसती नखरे करतेय.

थोरली लेक लहानपणी उपड्या बादलीवर बसून हे सगळं ऐकायची. पुढे ती शिकली, नऊ वर्षांपूर्वी शहरात गेली आणि जनावरांच्या गळ्यातले पट्टे बनवणाऱ्या कंपनीत लागली. पट्ट्याला एक छोटी डबी, डबीत यंत्र. गाय मान कशी हलवते, चघळते किती, बसते कुठे, उठते कधी, हे ते यंत्र दिवसभर टिपून घेई. गोठ्याच्या खांबांवर आणि फाटकावर पांढऱ्या पेट्या होत्या, त्यांच्यावरून कुठली गाय कुठे आहे ते कळे. आणि या सगळ्याचा अर्थ काय, हे यंत्राला शिकवायचं काम थोरलीचं. बाईंच्या गोठ्यात पट्टे आले तेव्हा धाकट्या मुलाने आईला समजावलं होतं की याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात.

“कृत्रिम का होईना,” बाई म्हणाल्या होत्या, “पण कोणाची तरी बघूनच केली असेल ना? अस्सल कोणाची होती?”

फोनवर थोरली हसली होती. “तुझीच गं. तू सांगितलेलंच सगळं घातलंय आम्ही त्यात.”

बाईंनी ऐकू न आल्यासारखं केलं. पण पुढचा महिनाभर दूध न्यायला येणाऱ्या गाडीवाल्याने ती गोष्ट इतक्यांदा ऐकली की तो कॅन चढवतानाच म्हणायचा, “हो बाई, बुद्धी तुमचीच.”

एका गोष्टीला मात्र बाईंनी साफ नकार दिला होता. कॅमेरे लावायचे नाहीत. माझ्या गोठ्यात मी कशीही वावरेन, मला कोणी बसून न्याहाळायचं कारण नाही, असं त्यांनी ठणकावलं आणि विषय संपला. त्यामुळे थोरलीला शहरातल्या तिच्या पडद्यावर फक्त पट्टे दिसत. बत्तीस ठिपके, बत्तीस नंबर.

त्यातला चौदा नंबर तांबडीचा.

तांबडीची आई विताना गेली होती, आणि थोरलीने त्या वासराला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. आठ महिने. त्यानंतर ती शहराच्या बसमध्ये चढली आणि कालवड दोन दिवस फाटकाशी उभी राहून हंबरत होती. आता तांबडी दोन वर्षं भाकड होती. धाकट्याच्या मते ती फुकटची जागा अडवत होती. बहीणभावांत शेवटी तोडगा निघाला तो असा: यंत्र जोवर सांगतंय की तांबडी सुखात आहे, तोवर तिला कोणी हलवायचं नाही. ज्या दिवशी यंत्र म्हणेल की ती खंगतेय, त्या दिवशी म्हातारी जनावरं नेणारी गाडी बोलवायची. दोघांनी शब्द दिला होता आणि बाई मध्ये साक्षीला होत्या.

सोमवारी सकाळी बाईंनी तांबडीची मान खाजवायला हात घातला तर पट्ट्याखाली कातडी सोलवटलेली. त्यांनी पट्टा काढला, जखम धुतली, मलम लावलं आणि वर मऊ फडकं बांधलं. आठ दिवस तरी पट्टा चालणार नव्हता. आता या डबीचं काय करायचं? खुंटीला टांगून ठेवायची सोय नव्हती. मागे एकदा एका गाईचा पट्टा तुटून चाऱ्यात पडला, दोन तास डबी हलली नाही, आणि यंत्राने जनावर पडल्याचा बोभाटा केला. थोरलीने नऊ फोन केले, डॉक्टर जेवणावरून उठून धावत आला, आणि ती गाय आपली मजेत गव्हाणीत तोंड घालून उभी होती. लेकीला पुन्हा तसा घोर लावायचा नव्हता.

म्हणून बाईंनी तिला फोन केला. तो कट झाला आणि मागोमाग संदेश आला: मीटिंगमध्ये आहे, नंतर करते.

नंतर काही फोन आला नाही. आणि बाईंचा एक नियम होता, एकदा फोन करायचा. दुसऱ्यांदा करायला त्या कोणाच्या दारात उभ्या नव्हत्या.

कुत्र्याच्या गळ्यात घालावा तर ते मेलं दिवसभर उंडारणार, यंत्र सांगेल तांबडी मांजराच्या मागे लागलीय. दुसऱ्या गाईच्या गळ्यात आधीच एकेक पट्टा. शेवटी बाईंनी तो स्वतःच्याच गळ्यात अडकवला आणि वरून शाल घेतली. हलता राहिला म्हणजे झालं. धाकटा दुभत्या गाईंच्या बाजूला असे, तांबडीचं सगळं बाईंकडे. त्याने मानेचं फडकं पाहिलं आणि पट्टा त्याच्याखाली असेल असं धरून चालला.

मंगळवारी दुपारी थोरलीचा फोन आला. तांबडी निम्माच रवंथ करतेय म्हणाली. बाईंच्या दाढेत सवयीप्रमाणे लवंग होती. यंत्राने ती चघळण्याचाच हिशेब लावला होता. बाईंना हसू आलं. अगं वेडे, पट्टा माझ्या गळ्यात आहे, हे शब्द अगदी ओठावर आले. तेवढ्यात थोरली म्हणाली, “आई, तू जरा तिच्याजवळ बस ना. बसून मला सांग ती काय करतेय. मी आहे फोनवर, घाई नाही.”

घाई नाही. हा शब्द लेकीच्या तोंडून किती महिन्यांनी ऐकला, बाईंना आठवेना. त्यांनी बादली उपडी केली, तांबडीच्या कुशीशी टेकून बसल्या आणि सांगायला लागल्या. कान खाली आहेत पण ढिले आहेत. डोळे निवांत आहेत. मग कुठून कुठून बोलणं शिंगाड्या गाईवर गेलं, तिने थोरलीला एकदा शेणात लोळवलं होतं त्यावर गेलं, आणि थोरली फोनवर खळखळून हसली. ठेवताना म्हणाली, उद्या पुन्हा करते.

बाईंनी लवंग दाढेखालून दुसऱ्या दाढेखाली घेतली आणि गप्प राहिल्या. एका दिवसाने काय बिघडतंय.

बुधवारी फोन आला. सकाळीही आणि संध्याकाळीही. बाईंनी त्या दिवशी केस जरा नीट विंचरले, फोनमध्ये काही दिसत नव्हतं तरी.

गुरुवारी थोरलीचा आवाज वेगळा होता.

“आई, खरं सांग. तांबडी कशी आहे?”

“कशी असणार. खातेय, पितेय, माझ्या अंगावर शेपूट मारतेय.”

“मग हे काय आहे?” आणि थोरली पडद्यावरचं वाचायला लागली. चौदा नंबर कळपात थांबत नाही. झोपते ती सगळ्यात लांब, घराच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात. काल सतरा वेळा फाटकाशी गेली. सकाळी अकराला आणि संध्याकाळी पाचला तिथे सगळ्यात जास्त वेळ उभी होती. मग परत येते, थोडं फिरते, पुन्हा जाते.

अकराची आणि पाचची. शहराकडून येणाऱ्या दोनच बस होत्या, आणि त्या त्याच वेळेला फाटकावरून जात.

बाईंना कोणी विचारलं असतं तर त्यांनी शपथेवर सांगितलं असतं की त्या दिवसातून दोनदा फाटकाशी जातात, आणि तेही कडीसाठी. ती कडी नीट बसत नव्हती. गुडघ्याने फाटक दाबायचं आणि कडी उचलून मग सोडायची, तर लागायची. धाकटा कितीतरी वर्षं म्हणत होता की नवीन बसवतो, आणि बाई त्याला बसवू देत नव्हत्या. सतरा वेळा. त्यांनी मनात मोजायचा प्रयत्न केला आणि तो सोडून दिला.

“यंत्र काय म्हणतंय माहितेय?” थोरली म्हणाली. “म्हणतंय, वासरू तोडलेली गाय असते तसं वागणं आहे. तूच मला शिकवलं होतंस ते. गाय फाटकाशी जाते, उभी राहते, परत येते, पुन्हा जाते, खाण्यात लक्ष नसतं. पण आई, तांबडीला वासरू कुठंय?”

बाईंच्या तोंडातली लवंग जिथल्या तिथे राहिली. शालीखाली पट्टा गळ्याला लागत होता. त्यांच्या आयुष्यात त्यांना कोणी असं नागडं केलं नव्हतं, ना सासूने, ना नवऱ्याने, ना गावातल्या जिभांनी. एका डबीने केलं. आणि करून ते थेट लेकीला वाचून दाखवायला दिलं, आणि लेकीला वाचूनही कळलं नाही.

“नाही,” त्या म्हणाल्या. “तिला वासरू नाही.”

“मग आजार असणार. आतला काहीतरी.” थोरलीचा आवाज ओला झाला होता. “मी धाकट्याशी बोलले. शब्द दिलाय तर पाळायला हवा, तिला कुढत ठेवणं बरं नाही. त्याने शनिवारी गाडी सांगितलीय. पण मी उद्या येते. अकराच्या बसने. मला एकदा तिला भेटायचंय.”

फोन ठेवल्यावर बाई बराच वेळ बादलीवर बसून राहिल्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं तेव्हा ही आली नव्हती. सुट्टी नाही म्हणाली, रोज व्हिडिओ कॉल करते म्हणाली, आणि चौथ्या दिवसापासून विसरली. गाईसाठी मात्र बस पकडतेय. आता तोंड उघडलं तर तांबडी वाचत होती, पण उद्याची बस रिकामी येणार होती. नाही उघडलं तर लेक येत होती. येऊ दे, बाईंनी ठरवलं. ती फाटकातून आत आली की सांगू. गाडी काय, शनिवारची आहे. दोन्ही साधेल.

त्यांनी तांबडीच्या कपाळावर हात फिरवला. तांबडीने त्यांचा हात चाटला, खरखरीत जिभेने, मीठ लागलं असावं.

शुक्रवारी सकाळी नऊला गाडी आली.

गाडीवाला इकडूनच चालला होता, म्हणाला पुन्हा उद्या फेरा कशाला. धाकट्याला ते पटलं. ताई येऊन रडणार, दिवसभर दोघी त्या गाईच्या गळ्यात पडणार, त्यापेक्षा ती यायच्या आत उरकलेलं बरं, असा त्याने विचार केला होता. आणि त्यात वाईट काही नव्हतं, तो तसाच होता, काम समोर आलं की हातावेगळं करणारा. बाई चहाचा कप घेऊन बाहेर आल्या तेव्हा तांबडीच्या शिंगांना दोर होता आणि तिचे पुढचे पाय फळीवर होते. ती अडत नव्हती. धाकट्याच्या बाहीचा वास घेत शहाण्यासारखी चढत होती.

“उतरव तिला,” बाई म्हणाल्या.

धाकट्याने दोर सोडला नाही. ताईशी बोलणं झालंय, तू त्यात पडू नकोस, असं तो समजुतीने सांगायला लागला. मलाही वाईट वाटतं, पण जनावर खंगतंय हे आता तिचंच यंत्र सांगतंय ना. गाडीवाला फळीशी उभा राहून दोघांकडे आळीपाळीने बघत होता.

बाईंनी कप ओट्यावर ठेवला. मग शाल काढली.

काळा पट्टा, पांढरी डबी, डबीवर ठळक चौदा. सुरकुतलेल्या गळ्यात ते अगदी उघडं दिसत होतं.

“जनावर खंगत नाहीये,” त्या म्हणाल्या. “सोमवारपासून हा माझ्या गळ्यात आहे. यंत्राने जे सांगितलं ते माझं सांगितलं.”

गाडीवाल्याने मान वळवली आणि न सांगताच तांबडीला मागे घ्यायला लागला. धाकट्याच्या तोंडावर आधी हसू आलं, मग ते सतरा वेळा, अकरा आणि पाच, सगळं त्याच्या ध्यानात येत गेलं असावं, कारण हसू गेलं आणि तो जमिनीकडे बघायला लागला. बाईंनी शाल परत पांघरली. पट्टा काढायचं त्यांना सुचलंच नाही, किंवा दोघांच्या देखत गळ्याला हात लावायचा नव्हता.

धाकट्याने बहिणीला फोन लावला. बाईंना त्याच्याकडचंच बोलणं ऐकू येत होतं. तांबडी ठणठणीत आहे. नाही, चूक झाली होती. आईच्याच गळ्यात होता पट्टा. हो, आईच्या. नाही गं, बरी आहे ती. तुला सुट्टी मोडायची असेल तर मोड, आता यायलाच हवं असं काही नाही. मग तो बराच वेळ नुसता ऐकत राहिला आणि “बरं” म्हणून त्याने फोन खिशात टाकला.

येऊ दे तिला, असं बाईंना म्हणता आलं असतं. तीन शब्द होते. त्यांनी कप उचलला आणि चहा थंड झाला म्हणून सुनेवर करवादल्या.

अकरा वाजता त्या फाटकाशी गेल्या नाहीत. आता सगळ्यांना माहीत झालं होतं, आता कोणत्या तोंडाने जायचं. त्या तांबडीच्या शेजारी बादलीवर बसून राहिल्या आणि कान मात्र रस्त्याकडे होते. बस आली. उतरणारं कोणी असलं की ती वळणावरच हळू व्हायची. ती हळू झाली नाही. आवाज जवळ आला, तसाच पुढे गेला आणि विरला.

दुपारभर त्यांनी कामं काढली. गव्हाणी घासल्या, ज्या कालच घासल्या होत्या. तांबडीची जखम पाहिली. खपली धरत होती. सून जेवायला हाक मारून गेली, तर भूक नाही म्हणाल्या. धाकटा एकदा येऊन उभा राहिला, काहीतरी बोलावंसं त्याला वाटत होतं, पण त्या घराण्यात ती कला कोणाला आली नव्हती. तो म्हणाला, कडी नवीन आणतो. बाई म्हणाल्या, हात लावलास तर बघ.

पाचला दूध काढायची यंत्रं सुरू झाली आणि त्यांच्या घरघरीत रस्त्यावरचं काही ऐकू येईना. बाईंना ते बरंच वाटलं. ऐकायलाच नको.

मग फाटक वाजलं.

नवखा माणूस असला की ती कडी खडखड खडखड करत राहायची आणि शेवटी घरातून कोणीतरी जाऊन उघडायचं. आता एकदाच वाजली. गुडघ्याचा दणका, कडी वर, आणि सोडली. धाकटा आणि सून दोघंही यंत्रांपाशी होती. बाई उठल्या नाहीत. गुडघा ऑपरेशनचा होता, पटकन उठता येत नव्हतं, असं त्यांनी नंतरही सांगितलं असतं.

थोरली खांद्याला पिशवी अडकवून गोठ्यात आली. कानांवरचे केस पांढरे व्हायला लागले होते. फोनमध्ये ते कधी दिसलं नव्हतं. तांबडीने मान वर केली, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा चघळायला लागली. थोरली तिच्यापाशी थांबलीच नाही. सरळ येऊन आईसमोर जमिनीवर बसली, चांगल्या कपड्यांनिशी.

तिने सांगितलं की धाकट्याचा फोन आला तेव्हा ती बसमध्ये होती. पहिल्या थांब्यावर उतरली, ऑफिसला जायला म्हणून. परतीच्या बसची वाट बघताना सहज तिने फोनवर चौदा नंबर उघडला. पूर्ण आठवडा पुन्हा पाहिला, एकेक रेघ.

“आणि मग अकरा वाजले,” ती म्हणाली. “आज अकराला तू फाटकाशी गेली नाहीस, आई.”

बाईंनी शालीचं टोक पुढे ओढून घेतलं.

“कितीतरी वेळ बघत होते मी. ठिपका हललाच नाही. तिथेच होतीस तू, इथे, या कोपऱ्यात.” थोरलीने हात पुढे केला आणि आईच्या शालीखालून पट्टा चाचपला. बक्कल घट्ट बसलं होतं. तिच्या बोटांना ते लवकर सुटेना, आणि बाईंनी मान जरा कलती केली, गाय करते तशी, म्हणजे तिला सोपं जावं. पट्टा निघाला. गळ्यावर लाल वळ उमटला होता. थोरलीने मलमाची डबी उचलली, तांबडीचीच, आणि त्यातलं बोटभर आईच्या गळ्याला लावलं. बाईंनी लावू दिलं.

“कडी लागत नाही नीट,” बाई म्हणाल्या. “त्यासाठी जावं लागतं.”

“माहितेय,” थोरली म्हणाली.

पलीकडे यंत्रं बंद झाली. एकाएकी एवढी शांतता झाली की तांबडीच्या चघळण्याचा आवाज यायला लागला. बाईंनी लेकीच्या हातातला पट्टा घेतला, डबीवरचा नंबर अंगठ्याने पुसला आणि तिच्या मांडीवर ठेवला. मग तिच्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं, दावणीला नवीन आलेलं जनावर पाहावं तसं, आणि सुनावलं:

“यंत्र चांगलं केलंयस, त्यात मी खोट काढणार नाही. पण दूर बसून सगळं दिसतं म्हणून यायचं राहून गेलं तरी चालतं, असं तुला वाटायला लागलंय, आणि ते मला अजिबात पसंत नाही. कोणी आजारी पडल्याशिवाय तुझा पाय इकडे वळत नाही. पुढच्या वेळी सगळं ठीक असताना यायचं. आता ऊठ, आणि हात धुऊन घे.”